हौद्यातली टाकी: गाडीसाठी की यंत्रासाठी?

गोव्यात डिचोली-साखळीकडच्या एखाद्या फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये पिकअपवाला येतो. "हौद्यात २०० लिटरची टाकी मारायची आहे, किती घेशील?" शेडवाला पत्र्याची जाडी सांगतो, मजुरी सांगतो, दोन दिवसांनी ये म्हणतो. मधला एक प्रश्न दोघांपैकी कोणीच काढत नाही: त्या टाकीतलं डिझेल जाळणार कोण? ही गाडी स्वतः, की साइटवर उभा असलेला जेसीबी?

उत्तर बदललं की टाकी बदलते. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. केबिनच्या पाठीला टेकलेला लोखंडी किंवा ॲल्युमिनियमचा चौकोनी डबा, वर झाकण, बाजूला पाइप. पण एक टाकी गाडीच्या इंधनव्यवस्थेचा भाग असते आणि दुसरी म्हणजे गाडीत भरलेला माल. पाइप कुठे जातो, पंप कसला लागतो, आरटीओ काय म्हणेल, हे सगळं त्यावरून ठरतं. पहिलीला इथे जादा टाकी म्हणू आणि दुसरीला ट्रान्सफर टाकी.

जादा टाकी

हा प्रकार जिथे रूढ आहे त्या अमेरिकेत किंवा ऑस्ट्रेलियात पुढचा पंप दीड-दोनशे किलोमीटरवर असू शकतो. मूळ टाकीतलं डिझेल संपत आलं की हौद्यातलं वापरायचं, एवढाच तिचा हेतू. पण "वापरायचं" म्हणजे नेमकं कसं, याचे तीन प्रकार आहेत आणि खरी गुंतागुंत तिथेच आहे.

सगळ्यात स्वस्त म्हणजे उताराचा. हौद्यातली टाकी मूळ टाकीपेक्षा उंचावर असते, तिची नळी मूळ टाकीच्या फिलरच्या, म्हणजे डिझेल भरायच्या, होजला टी जॉइंट लावून जोडायची, डिझेल आपसूक खाली उतरतं. अडचण अशी की मूळ टाकी भरली तरी ते थांबत नाही. वरच्या टाकीतली पातळी गाठायला ते फिलरच्या नळीतून, ब्रीदरमधून, म्हणजे टाकीतली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून, वाट शोधत राहतं. म्हणून मध्ये आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह लागतो, शिवाय गाडी उलटली तर वाट बंद करणारा वेगळा. आपल्याकडे या दोघांच्या जागी बहुतेक वेळा पाण्याच्या लायनीचा बॉल व्हॉल्व्ह दिसतो, आणि तो बंद करायचं काम ड्रायव्हरच्या आठवणीवर सोडलेलं असतं.

दुसरा प्रकार पंपाचा. केबिनमध्ये बटण, ते दाबलं की छोटा पंप हौद्यातलं डिझेल मूळ टाकीत ढकलतो. हा मला त्यातल्या त्यात बरा वाटतो, पण पंप मूळ टाकीची पातळी ओळखून आपणहून थांबणारा असेल तरच. साधं बटण असलं आणि ड्रायव्हर फोनवर बोलत बसला तर डिझेल ब्रीदरमधून रस्त्यावर येतं. पावसात अनमोड किंवा चोर्ला घाटाच्या वळणावर सांडलेलं डिझेल म्हणजे काय, ते मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याला विचारा.

तिसरा प्रकार थेट इंजिनला जोडणी देण्याचा. मध्ये एक व्हॉल्व्ह, तो फिरवला की इंजिन या टाकीतून पितं किंवा त्या टाकीतून. दिसायला सुटसुटीत, पण आजच्या कॉमन रेल इंजिनात पंपाकडे आलेलं सगळं डिझेल जळत नाही. उरलेलं, गरम झालेलं डिझेल परतीच्या नळीतून टाकीत येतं. मिस्त्रीनं फक्त पुरवठ्याची नळी बदलली आणि परतीची तशीच ठेवली, तर इंजिन पिणार हौद्यातून आणि उरलेलं टाकणार मूळ टाकीत. ती आधीच भरलेली असली तर थोड्या वेळात ओसंडते. यासाठी दोन्ही नळ्या एकदम बदलणारा सहा तोंडांचा व्हॉल्व्ह वापरतात. शिवाय टाकी पूर्ण रिकामी होईपर्यंत व्हॉल्व्ह फिरवायचा राहिला तर लायनीत हवा धरते, आणि मग रस्त्याकडेला बॉनेट उघडून हँडपंप मारत बसावं लागतं.

अमेरिकेच्या व्यावसायिक वाहनांच्या नियमांत इंजिनाच्या इंजेक्टरला किंवा कार्ब्युरेटरला उतारानं किंवा सायफननं थेट इंधन देण्याला बंदीच आहे. उतारानं मूळ टाकीत सोडणं वेगळं, इंजिनात सोडणं वेगळं. नळी कुठेतरी फुटली तर थांबवायला कोणी नाही, हे त्यामागचं साधं कारण.

ट्रान्सफर टाकी

हिची नळी गाडीच्या इंधनाला कुठेच शिवत नाही. गाडीकडून ती फक्त बॅटरीचा करंट घेते. १२ व्होल्टचा पंप, होज, पेट्रोल पंपावर असतं तसं टाकी भरली की आपोआप बंद होणारं नोझल, मध्ये पाणी वेगळं करणारा फिल्टर, आणि हिशेब ठेवायचा असेल तर मीटर. साधारण पंप मिनिटाला ४० लिटर देतो, म्हणजे २०० लिटरची टाकी पाच मिनिटांत रिकामी.

गोव्यात गरज आहे ती हिची. २० टनी पोकलेन तासाला साधारण १२ ते १५ लिटर डिझेल पितं. दिवसभर चाललं तर शंभरच्या वर. ते चेनवरचं यंत्र पंपावर जाणार नाही, डिझेलच त्याच्याकडे जायला हवं. चिरेखाणीवरचं मशीन, सत्तरीतल्या शेतात उतरलेलं भातकापणीचं यंत्र, पेडण्यात जत्रेच्या रात्री दशावताराच्या दिव्यांसाठी लावलेला जनरेटर, सगळ्यांचं तेच. आज हे काम बहुतेक ठिकाणी पिंप आणि तोंडानं ओढलेली नळी करते. डिझेल पोटापेक्षा फुप्फुसात गेलेलं जास्त घातक, आणि नळी तोंडानं ओढताना ते नेमकं तिथेच जाऊ शकतं. पंपाचा खर्च डोळ्यांत येत असेल तर हाताचा रोटरी पंप तरी घ्या.

जादा टाकीची गरज इथे किती जणांना आहे? माझं मत स्पष्ट आहे: जवळजवळ कोणालाच नाही. राज्याची उत्तर-दक्षिण लांबी साधारण १०५ किलोमीटर. टोयोटाच्या हायलक्सची मूळ टाकी ८० लिटरची आहे. लिटरला १० किलोमीटर धरले तरी ८०० किलोमीटर होतात. पणजीहून मुंबई किंवा बंगळूरू, दोन्ही ६०० किलोमीटरच्या आसपास. मधल्या महामार्गावर पंपांची कमतरता नाही. मासळी घेऊन रात्री कोल्हापूरला जाणाऱ्याला वाटेत थांबायचं नसेल, तरी त्याची मूळ टाकीच पुरते.

मग लोक बसवतात कशाला? दरातल्या फरकासाठी. २०१२ मध्ये मनोहर पर्रीकरांच्या सरकारनं पेट्रोलवरचा व्हॅट जवळजवळ शून्यावर आणला, आणि गोव्यात तेल स्वस्त ही गोष्ट सावंतवाडी-बांद्यापासून कारवारपर्यंत डोक्यात पक्की बसली. ती पेट्रोलची होती, डिझेलची नव्हे, हे सोयीस्करपणे विसरलं जातं. दर तर बदलतच असतात. समजा महाराष्ट्राच्या सीमेवरच्या पत्रादेवीच्या अलीकडे-पलीकडे लिटरमागे २ रुपयांचा फरक आहे आणि तुम्ही १५० लिटर जास्त भरलं: एका फेरीला ३०० रुपये सुटले. टाकी, व्हॉल्व्ह, मजुरी यांचा खर्च त्यातून वसूल व्हायला किती फेऱ्या लागतील ते ज्यानं त्यानं मांडावं. शिवाय ते दीडशे लिटर वाहून नेण्याचं डिझेलही त्यातच जातं.

कायद्याच्या दोन वेगळ्या खिडक्या

१९३४ च्या पेट्रोलियम कायद्यात हा फरक आधीपासूनच आहे. कलम ९ म्हणतं, वाहनाचाच भाग असलेल्या इंधन टाकीतल्या इंधनाला वेगळा परवाना नको. जादा टाकी या खिडकीतून जाते. पण ती गाडीचा भाग आहे म्हटल्यावर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं: उत्पादकानं दिलेल्या रचनेत मनाप्रमाणे बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर नियमाबाहेरच्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणजे वेल्डिंगच्या आधी आरटीओ. आणि विमा कंपनीला लेखी कळवणंही आधीच. न सांगितलेल्या बदलावरून दावा अडवणं त्यांना फार सोपं जातं.

ट्रान्सफर टाकी दुसऱ्या खिडकीतून जाते. डिझेल ब वर्गात मोडतं, म्हणजे त्याचा ज्वलनांक (ठिणगी लागली की वाफ पेटते ते तापमान) २३ ते ६५ अंशांच्या दरम्यान. कलम ७ प्रमाणे एका जागी एकूण २,५०० लिटरपर्यंत आणि एकही भांडं १,००० लिटरपेक्षा मोठं नसेल, तर ब वर्गाच्या साठ्याला आणि वाहतुकीला परवाना लागत नाही. २०० लिटरची टाकी त्यात आरामात बसते. पट्ट्यांनी आवळलेली, उचलून खाली ठेवता येणारी टाकी हा माल असतो. तीच चासीला वेल्डिंग करून टाकलीत तर पुन्हा बदलाचा प्रश्न उभा राहतो. म्हणून ट्रान्सफर टाकी काढता येईल अशीच बसवावी, बोल्ट आणि पट्टे दोन्ही लावून.

इथे एक रेषा फार लोक ओलांडतात. स्वतःच्या जेसीबीत स्वतःचं डिझेल भरणं वेगळं आणि शेजारच्या ठेकेदाराच्या यंत्रात लिटरमागे चार पैसे लावून भरणं वेगळं. दुसरं म्हणजे विक्री झाली, आणि २००५ च्या डिझेल-पेट्रोल नियंत्रण आदेशाखाली ती अधिकृत विक्रेत्याखेरीज कोणाला करता येत नाही. घरपोच डिझेलच्या ज्या गाड्या फिरतात, इंडियन ऑइलनं २०१८ मध्ये पुण्यातून सुरू केल्या तशा, त्यांना नागपुरात मुख्यालय असलेल्या पेसोची, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटकांच्या सुरक्षेची केंद्रीय संस्था तिची, मान्यता असते. हौद्यातली टाकी आणि नोझल एवढ्यावर तुमचा पंप होत नाही.

पेट्रोलचं थोडक्यात: नको. ते अ वर्गात येतं, विक्रीसाठी नसलं तरी परवान्याशिवाय ३० लिटरची मर्यादा, तेही २५ लिटरपर्यंतच्या धातूच्या डब्यात. मोटारमालकाला स्वतःच्या गाडीच्या वापरापुरती १०० लिटरपर्यंत सवलत आहे, पण गोव्याच्या उन्हात पेट्रोलचा डबा हौद्यात घेऊन फिरण्याचं शहाणपण कायद्यात लिहिलेलं नाही. डिझेलच्या साध्या पंपाच्या मोटारीत ब्रशांची ठिणगी उडते. तो पेट्रोलला लावायचा नसतो. आणि हौद्यात प्लास्टिकचं अस्तर असेल तर कॅन तिथे ठेवून भरू नका, आधी जमिनीवर उतरवा. स्थिर विजेनं अशा आगी लागल्यावर अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेनं १९९८ मध्ये तसा इशाराच काढला होता.

वजन, पाणी आणि जस्त

डिझेल लिटरला साधारण ८३० ग्रॅम भरतं. २०० लिटरचे १६६ किलो, ३ मिमी पत्र्याच्या टाकीचे आणखी ५०-६०. हे सगळं हौद्याच्या क्षमतेतून वजा होतं. इथेही दोन टाक्या वेगळ्या वागतात. जादा टाकी बहुतेक एका दमात मूळ टाकीत उतरवली जाते. ट्रान्सफर टाकी मात्र दिवसभर अर्धवट भरलेली फिरते, आणि अर्धवट टाकीतलं डिझेलच सगळ्यात जास्त हेलकावतं. आत भोकं पाडलेल्या आडव्या पट्ट्या, म्हणजे बॅफल, नसतील तर अनमोडच्या वळणावर ते वजन गाडीला बाहेरच्या बाजूला ढकलतं. काठोकाठही भरू नये. उन्हात तापमान १० अंशांनी चढलं की २०० लिटरमागे दीड लिटरच्या वर डिझेल फुगतं.

अर्धवट टाकीचा दुसरा त्रास गोव्याच्या हवेचा. दिवसा आतली हवा बाहेर जाते, रात्री दमट हवा आत येते, भिंतींवर पाणी धरतं आणि तळाशी साठतं. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे जिवाणू-बुरशीची काळी साय वाढते आणि फिल्टर तुंबवते. बीएस-६ गाडीच्या इंजेक्टरला हे पाणी अजिबात सोसत नाही, म्हणून जादा टाकी लावायचीच असेल तर मध्ये पाणी वेगळं करणारा फिल्टर नसणं म्हणजे इंजेक्टरच्या बिलावर आधीच सही करणं. तळाला उतार द्या, खोलगट भागात नळ द्या, पावसाळ्यात सकाळी पहिली वाटीभर धार काढून बघा.

गंज नको म्हणून लोक जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा घेतात, तो बरोबर उलटा पडतो. जस्त डिझेलशी संयोग पावून साबणासारखा थर तयार करतं आणि तो इंजेक्टरपर्यंत जातो. साधा काळा पत्रा, स्टेनलेस किंवा ॲल्युमिनियम चालतं. मात्र ॲल्युमिनियमची टाकी लोखंडी हौद्यावर थेट टेकली तर खाऱ्या हवेत ॲल्युमिनियम खाल्लं जातं. खाली जाड रबर घाला. भंगारातलं पिंप कापून टाकी करायला निघाला असाल तर गॅस कटर लावूच नका. रिकाम्या दिसणाऱ्या पिंपात वाफ उरलेलीच असते आणि वेल्डर त्यानं मेलेले आहेत.

दोन्ही कामं एकाच टाकीत करणाऱ्या जोडटाक्याही परदेशात मिळतात: एक नळी गाडीकडे, एक नोझलकडे. अमेरिकेत डिझेलसाठी ११९ गॅलन, म्हणजे ४५० लिटरपर्यंतच्या टाकीला धोकादायक मालाचे बरेच नियम लागत नाहीत, त्यामुळे तिथे त्या खपतात. इथे अशी टाकी घेतली तर जादा टाकीचे आरटीओचे सोपस्कार आणि ट्रान्सफर टाकीचा दिवसभर अर्धवट राहण्याचा दोष, दोन्ही एकाच गाडीवर चढतात. त्यापेक्षा काढता येणारी १५०-२०० लिटरची ट्रान्सफर टाकी आणि गाडीला तिची स्वतःची कंपनीची टाकी, एवढं पुरे.