दुर्बिणीला जोडलेला छोटा संगणक : ग्रहांच्या छायाचित्रणाची पार्श्वभूमी

रास्पबेरी पायसारखा तळहाताएवढा सिंगल बोर्ड संगणक दुर्बिणीला जोडून गुरू, शनी किंवा मंगळाची छायाचित्रे घेण्याची पद्धत हौशी निरीक्षकांमध्ये आता चांगली रुळली आहे. छोट्या संगणकांचा गणनवेग वाढला म्हणून हे शक्य झाले, असा सर्वसाधारण समज आहे आणि तो अर्धाच खरा आहे. कॅमेऱ्यातून निघालेली माहिती न गाळता, न दाबता साठवणीपर्यंत पोहोचवणारी वाट पुरेशी रुंद आहे की नाही, या प्रश्नावर हे काम प्रत्येक टप्प्यावर अडले आणि त्याच प्रश्नाच्या उत्तराने पुढे सरकले.

मुळात ग्रहांचे छायाचित्रण इतकी माहिती का मागते, हे आधी पाहायला हवे. गुरू सर्वांत मोठा दिसतो तेव्हाही त्याचे बिंब जेमतेम ५० विकलांचे (विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) असते आणि मंगळ अनुकूल प्रतियुतीतही, म्हणजे पृथ्वी त्याच्या आणि सूर्याच्या मधे येते तेव्हाही, २५ विकलांच्या फारसा पुढे जात नाही. चंद्राचे बिंब मात्र सुमारे १,८०० विकलांचे असते. २०० मिलिमीटर व्यासाच्या दुर्बिणीला सिद्धांतानुसार ०.६ विकलेच्या आसपासचा तपशील वेगळा दाखवता येतो, पण वातावरणातील खळबळ सामान्य रात्री प्रतिमेला एक-दोन विकलांइतकी, कित्येकदा त्याहूनही जास्त, पसरट करून टाकते. डोळा लावून बसलेला निरीक्षक हवा क्षणभर स्थिरावण्याची वाट पाहू शकतो आणि त्या क्षणी दिसले ते कागदावर उतरवू शकतो. फिल्मला ही सोय नव्हती. सेकंद-दोन सेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये चांगले आणि वाईट क्षण एकाच चित्रात कालवले जात. लॉवेल वेधशाळेत कार्ल लॅम्पलंड यांनी १९०५ मध्ये मंगळाची छायाचित्रे घेतली, तरी त्यांवरून मंगळावर कालवे आहेत की नाहीत हा वाद मिटला नाही, यामागे हेही एक कारण होते.

प्रकाशशास्त्राचे अभ्यासक डेव्हिड फ्राइड यांनी १९७८ मध्ये हवा स्थिरावण्याच्या या भाग्यवान क्षणांची शक्यता गणितात मांडली. हवेतून येताना प्रकाशलहरी जेवढ्या रुंदीपर्यंत फारशा विस्कटत नाहीत, त्या रुंदीच्या पाचपट दुर्बिणीचा व्यास असेल, तर अत्यल्प एक्स्पोजरच्या साधारण नऊ चित्रांमागे एक चांगले निघते. हेच प्रमाण सातपट झाले की साडेतीनशे-चारशे चित्रांमागे एक आणि दहापट झाले की दहा लाखांमागे एक, अशी ही शक्यता झपाट्याने कोसळते. हौशी निरीक्षकांच्या मध्यम आकाराच्या दुर्बिणी बऱ्या रात्री या गणिताच्या सुसह्य टोकाला असतात, ही त्यांच्या पथ्यावर पडणारी गोष्ट. मात्र तिचा फायदा घ्यायचा तर प्रत्येकी काही मिलिसेकंदांची हजारो चित्रे घ्यायला, त्यांतली निवडक वेगळी काढायला आणि ती एकमेकांवर नेमकी बसवायला हवीत. हे सारे हाताने करण्याजोगे नाही.

ही चित्रे मिळू लागली ती वेबकॅममुळे. कनेक्टिक्स कंपनीचा क्विककॅम १९९४ मध्ये आला. पुढच्या दशकाच्या सुरुवातीला फिलिप्सच्या टूकॅम प्रो या कॅमेऱ्याचे भिंग काढून तो दुर्बिणीच्या नेत्रिकेच्या जागी बसवण्याची प्रथा निरीक्षकांमध्ये पसरली. त्याच सुमारास, २००२ मध्ये, कॉर बेरेव्होट्स यांचे रेजिस्टॅक्स हे सॉफ्टवेअर उपलब्ध झाले. व्हिडिओतील फ्रेमांची प्रतवारी लावणे, त्या जुळवून त्यांची सरासरी काढणे आणि वेव्हलेट या गणिती पद्धतीने तपशील उठावदार करणे ही तिन्ही कामे ते घरच्या संगणकावर करू लागले. २७ ऑगस्ट २००३ रोजी मंगळ पृथ्वीपासून सुमारे ५.५८ कोटी किलोमीटरवर आला, म्हणजे जवळजवळ ६०,००० वर्षांतला सर्वांत जवळ, आणि नव्या पद्धतीला यापेक्षा चांगला मुहूर्त मिळाला नसता. तरीही वाटेची अडचण तेव्हाच दिसली होती. यूएसबी १.१ ची मर्यादा सेकंदाला १२ मेगाबिट, तर ६४० गुणिले ४८० पिक्सेलांची एक साधी आठ-बिट फ्रेमच सुमारे अडीच मेगाबिटची. सेकंदाला पाच फ्रेमांच्या वर गेले की कॅमेरा चित्र दाबून पाठवी आणि दाबताना नेमका गुरूच्या पट्ट्यांमधला मंद तपशील हरवे.

या पद्धतीचे वैज्ञानिक मोल पुढच्या काही वर्षांत सिद्ध झाले. ऑस्ट्रेलियातील हौशी निरीक्षक अँथनी वेस्ली यांना १९ जुलै २००९ रोजी गुरूच्या दक्षिण ध्रुवाजवळ आघाताचा काळा डाग दिसला. ३ जून २०१० रोजी गुरूवर क्षणभर चमकून गेलेला प्रकाश त्यांनी आणि फिलिपिन्समधील ख्रिस्तोफर गो यांनी स्वतंत्रपणे व्हिडिओत टिपला. असा प्रकाश सापडायचा तर चित्रण अखंड चालू असावे लागते, आणि अखंड चित्रण म्हणजे पुन्हा साठवणच.

रास्पबेरी पाय २९ फेब्रुवारी २०१२ रोजी बाजारात आला. ७०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ मेगाबाइट स्मृती आणि एसडी कार्डवर साठवण, एवढाच त्याचा संसार होता. खगोलछायाचित्रकारांनी तो लगेच उचलला खरा, पण ग्रहांसाठी नव्हे. तेजोमेघ आणि दीर्घिकांच्या चित्रणात एका फ्रेमला काही मिनिटे लागतात. संगणकाने दुर्बीण योग्य दिशेला वळवायची, मार्गदर्शक ताऱ्यावर नजर ठेवायची आणि मधूनमधून एक फाइल जतन करायची. तिथे धीर लागतो, वेग नाही. शिवाय या कामाचा पाया आधीच घातलेला होता. एल्वुड डाउनी यांनी रचलेल्या इंडी या व्यवस्थेत उपकरणांचे ड्रायव्हर दुर्बिणीजवळच्या संगणकावर चालतात आणि निरीक्षक नेटवर्कवरून दुसऱ्या संगणकावर बसून आज्ञा देतो. जासेम मुतलाक यांनी केस्टार्स या तारांगण-सॉफ्टवेअरमध्ये विकसित केलेल्या एकोस या नियंत्रण-साधनामुळे ती वापरायला सोपी झाली. दुर्बिणीजवळचा संगणक छोटा असला तरी चालतो, हे या रचनेत छोटे संगणक येण्यापूर्वीच गृहीत धरलेले होते. झेडडब्ल्यूओ कंपनीने २०१८ मध्ये आणलेला, रास्पबेरी पायवरच बेतलेला एएसआयएअर याच वाटेवरचा.

ग्रहांच्या बाबतीत हे सरळ जमेना. पहिल्या काही आवृत्त्यांत सगळी यूएसबी द्वारे आणि नेटवर्क मिळून एकाच यूएसबी २.० मार्गावर होते. ६४० गुणिले ४८० पिक्सेलांच्या सेकंदाला १०० फ्रेमा घ्यायच्या तर सेकंदाला सुमारे ३० मेगाबाइट माहिती येते. ती त्या मार्गातून कशीबशी आत शिरली, तरी एसडी कार्ड तेवढ्या वेगाने सलग लिहू शकत नसे. फ्रेमा गळत, आणि कोणती गळली हे हवेच्या कृपेवर नव्हे, तर कार्डाच्या लहरीवर ठरे.

यातून एक आडवाट निघाली ती पायच्या स्वतःच्या कॅमेऱ्याची. मे २०१३ मध्ये आलेला पाच मेगापिक्सेलचा कॅमेरा रिबन केबलने थेट मुख्य चिपला जोडला जाई, त्यामुळे यूएसबीची अडचण टळे. त्याचा पिक्सेल १.४ मायक्रॉनचा होता, आणि ग्रहांसाठी ही बाब दिसते त्यापेक्षा महत्त्वाची आहे. १,२०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या दुर्बिणीत ४५ विकलांचा गुरू सेन्सरवर जेमतेम पाव मिलिमीटर रुंदीचा पडतो. टूकॅमच्या ५.६ मायक्रॉनच्या पिक्सेलांवर तो ४७ पिक्सेल भरे, म्हणून प्रतिमा मोठी करणारे बार्लो भिंग मध्ये घालावेच लागे. पायच्या कॅमेऱ्यावर तोच गुरू बार्लोशिवाय १८७ पिक्सेल भरतो. मायक्रॉनमधील पिक्सेलच्या साधारण पाचपट नाभीय गुणोत्तर (नाभीय अंतर भागिले दुर्बिणीचा व्यास) हवे, हा ग्रहचित्रकारांचा ठोकताळा लावला तर १.४ मायक्रॉनला एफ/७ पुरते, म्हणजे कित्येक न्यूटोनियन दुर्बिणी आहेत तशाच चालतात. अडचण होती ती चिकटवून बसवलेले इवलेसे भिंग सेन्सर न खरवडता काढण्याची, आणि सहज मिळणारा व्हिडिओ एच.२६४ पद्धतीने दाबलेला असे, याची. टूकॅमच्या काळातला दोष असा नव्या दाराने परत आला. कच्ची माहिती मिळवता येई, पण त्यासाठी बरीच खटपट करावी लागे.

३० एप्रिल २०२० रोजी आलेल्या हाय क्वालिटी कॅमेऱ्याने भिंगाचा प्रश्न संपवला. सोनीचा आयएमएक्स४७७ सेन्सर, १.५५ मायक्रॉनचे पिक्सेल आणि सी-माउंटची आटे असलेली कडी यांमुळे तो साध्या अडॅप्टरने दुर्बिणीत बसतो. १,३३२ गुणिले ९९० पिक्सेलांच्या रचनेत तो सेकंदाला १२० फ्रेमा देतो; मात्र त्या रचनेत चार पिक्सेल एकत्र धरले जात असल्याने परिणामी पिक्सेल ३.१ मायक्रॉनचा होतो आणि बार्लो पुन्हा पेटीतून बाहेर काढावे लागते. दहा-बिट कच्ची माहिती जपायची ठरवली तर सेकंदाला जवळजवळ २०० मेगाबाइट येतात. कार्डाला हे झेपणारे नाही; स्मृतीतील चार गिगाबाइट जागाही वीस सेकंदांत भरते. म्हणून ग्रहाभोवतीचा काळा भाग लिहिण्यापूर्वीच कापून टाकण्याला महत्त्व आले. ३०० गुणिले ३०० पिक्सेलांची चौकट पिक्सेलला दोन बाइट या हिशेबाने सेकंदाला १०० वेळा लिहिली, तर काम १८ मेगाबाइटांत भागते. २०२३ मध्ये ग्लोबल शटर असलेला, म्हणजे ओळीमागून ओळ न वाचता सगळे चित्र एकाच क्षणी टिपणारा कॅमेराही आला, परंतु त्याचा सेकंदाला ६० फ्रेमांचा वेग पाहता ग्रहांसाठी तो फारसा पुढचा टप्पा मानता येणार नाही. लहानशा बिंबाच्या ओळी वाचायला लागणारा वेळ एरवीही अल्पच असतो.

खरा फरक पडला तो जून २०१९ मध्ये आलेल्या रास्पबेरी पाय ४ मुळे. यूएसबी ३.० आणि स्वतंत्र गिगाबिट नेटवर्क आल्याने ग्रहांसाठी खास बनवलेले, कमी गोंगाटाचे सीमॉस कॅमेरे पूर्ण वेगाने जोडता आले आणि माहिती बाहेरच्या एसएसडीवर उतरवता आली. ओएकॅप्चर आणि अ‍ॅस्ट्रोडीएमएक्स ही चित्रणाची सॉफ्टवेअर लिनक्सवर होतीच, त्यांचा खरा उपयोग आता दिसू लागला. २०२३ च्या पाय ५ मध्ये पीसीआयई या वेगवान जोडणीमुळे एनव्हीएमई ही तितकीच वेगवान साठवण थेट लावता येते, त्यामुळे वाटेचा प्रश्न बहुतांशी मिटला आहे.

निवड आणि जुळवणीचे काम मात्र बहुतेक जण अजूनही दुसऱ्या संगणकावरच करतात. रेजिस्टॅक्स आणि एमिल क्राइकँप यांचे ऑटोस्टॅकर्ट ही दोन्ही विंडोजवरची सॉफ्टवेअर असून पायमधल्या एआरएम प्रकारच्या प्रोसेसरसाठी ती लिहिलेली नाहीत. पायथनमधील प्लॅनेटरी सिस्टम स्टॅकर लिनक्सवर चालतो, पण पायवर तो सावकाश चालतो. गुरू ९ तास ५५ मिनिटांत स्वतःभोवती फिरत असल्याने दोन-तीन मिनिटांपलीकडे एक चित्रफीत लांबवता येत नाही, त्यामुळे रात्रभरात अशा डझनावारी चित्रफिती जमतात. त्या सेर या न दाबलेल्या फाइल-स्वरूपात डिस्कवर घेऊन सकाळी मोठ्या संगणकावर उतरवणे, ही दुर्बिणीजवळच्या छोट्या संगणकाने लावलेली कामाची विभागणी आज सर्वाधिक प्रचलित आहे.