टाचेत स्टिरॉइड घेतलं का पीआरपी, आधी ते विचारा

आमच्याकडं निपाणी-चिकोडीपासून खानापूरपर्यंत कुणाचीही टाच दुखू दे, मिरजेला नाहीतर बेळगावला जाऊन 'टाचेत इंजेक्शन मारून आलो' एवढंच सांगतात, कसलं ते विचारलं तर पत्ता नसतो. स्टिरॉइड सगळ्यांना माहीतच आहे, सूज-कळ दाबतं, स्वस्त पडतं. पीआरपीत (प्लेटलेट-रिच प्लाझ्मा) तुमच्याच हाताचं रक्त काढून मशीनमध्ये गरागरा फिरवतात, लाल पेशी तळाला बसतात आणि वरचं पिवळसर, प्लेटलेट्स भरपूर असलेलं पाणी दुखऱ्या जागी टोचतात, ते महाग.

खरा घोळ आहे तो दिवसांचा. स्टिरॉइड घेतलं की आठवड्याभरात सकाळी शहाबादी फरशीवर पहिलं पाऊल ठेवताना कळ येत नाही, मग मावशी लगेच उसाच्या रानात हजर. पण दुखणं दाबलं म्हणजे दुखावलेली जागा भरून आली असं नव्हे ओ! टेनिस एल्बोच्या (कोपरदुखीच्या) 165 पेशंटांवरचा एक अभ्यास 2013 साली छापून आला, त्यात वर्षभरानं स्टिरॉइडवाले 83 टक्के बरे, तर नुसतं सलाईनचं पाणी टोचलेले 96 टक्के, आणि दुखणं उलटलं ते 54 विरुद्ध 12 टक्के लोकांचं. हे कोपराचं झालं, टाचेतसुद्धा स्टिरॉइडचा आराम बहुतेक महिनाभराचाच असतो, आणि परत परत मारलं तर टाचेची चरबीची गादी झिजते, तळव्याचा पट्टा (टाचेपासून बोटांकडं जाणारा) तुटूपण शकतो.

पीआरपीचं बरोबर उलटं. पहिले काही दिवस दुखणं वाढतं, फरक पडायला दीड-दोन महिने लागतात, आणि आमची माणसं दहाव्या दिवशी 'पैसे पाण्यात' म्हणून दुसऱ्या डॉक्टरकडं जाऊन स्टिरॉइड घेऊन येतात. याचा मला फार राग येतो. मधेच मेडिकलमधून डायक्लोफेनॅकसारखी दुखण्याची गोळी आणून खाऊ नका, तेपण डॉक्टर बंद ठेवायला सांगतात.

पीआरपी म्हणजे जादू असंही नाही. टाचेच्या मागच्या अकिलीस शिरेवर (रक्ताची नस नव्हे, पोटरी टाचेच्या हाडाला बांधणारी दोरी) 2021 च्या ब्रिटनमधल्या अभ्यासात ते खोट्या इंजेक्शनपेक्षा सरस ठरलं नाही. आणि त्या शिरेत स्टिरॉइड तर मारूनच घेऊ नका, शीर तुटायची भीती असते. शुगरवाल्यांनी स्टिरॉइडआधी डॉक्टरांना सांगायचंच, काही दिवस साखर चढते.

माझं मत विचाराल तर आधी पोटरीचे ताण, मऊ चप्पल आणि धीर, तळव्याची टाचदुखी बहुतेकांची वर्षभरात जाते.