चॅनल, केबल, एफएमवाल्यांची मक्तेदारी: स्पर्धा आयोगाकडे अर्ज कसा करायचा

आधी एक गोष्ट क्लिअर करून घ्या. केबलचं बिल जास्त आलं किंवा सेट टॉप बॉक्स बंद पडला म्हणून भारतीय स्पर्धा आयोगाकडे जाल तर हात हलवत परत याल, त्यासाठी ग्राहक आयोग आहे. ब्रॉडकास्टर आणि केबलवाल्याचं करारावरून, थकबाकीवरून वाजलं असेल तर ते टीडीसॅटकडे, म्हणजे टेलिकॉम-प्रसारणाचे वाद सोडवणाऱ्या न्यायाधिकरणाकडे. स्पर्धा आयोगाकडे यायचं ते सगळं मार्केटच कोणी दाबून धरलं असेल तर, म्हणजे समजा दोन एफएम स्टेशननी जाहिरातींचे रेट आपसात ठरवून टाकले (स्पर्धा कायद्याचं कलम 3) किंवा एखाद्या मोठ्या केबल कंपनीने ताकदीच्या जोरावर चॅनलची वाट अडवली (कलम 4).

अर्ज कोणीही करू शकतं, स्वतःचं नुकसान झालेलंच पाहिजे असं नाही, सुप्रीम कोर्टाने 2020 मध्येच हे सांगितलंय. फक्त 2023 च्या दुरुस्तीपासून 3 वर्षांची मुदत आलीय, उशीर झाला तर सबळ कारण द्यावं लागतं. बाय द वे, कायद्यात याला तक्रार नाही, 'माहिती' म्हणतात.

अर्जात दोन्ही बाजूंची नावं-पत्ते, काय घडलं, कुठलं कलम मोडलं, काय मागणी आहे, आणि याच वादावर दुसरीकडे केस चालू असेल तर तीही लिहायची, लपवू नका. नाव गुप्त ठेवायचं असेल तर तशी लेखी विनंती करता येते. फी एकट्या माणसाला किंवा ग्राहक संघटनेला 5,000 रुपये, कंपन्यांना उलाढालीप्रमाणे जास्त. वकील कंपल्सरी नाही.

खरा जीव पुराव्यात असतो. बंगालमध्ये एका हिंदी मालिकेचं बंगाली डबिंग दाखवू नका म्हणून चॅनलना बहिष्काराच्या धमकीची पत्रं गेली होती, आता असं लेखी हातात असलं की बोलायलाच नको, त्या प्रकरणात 2017 ला सुप्रीम कोर्टाने आयोगाचीच बाजू उचलून धरली. उलट पंजाबात 85 टक्क्यांवर कनेक्शन असलेल्या केबल ग्रुपने न्यूज चॅनल बंद केलं, तिथे 2018 मध्ये कोर्टाने वर्चस्वाचा गैरवापर मानला तरी दंड रद्द केला, कारण चॅनलचा टीआरपीच कमी होता. म्हणून करार, ईमेल, नोटिसा तारखेनुसार लावा.

प्रथमदर्शनी तथ्य दिसलं तर आयोगाच्या तपास शाखेच्या महासंचालकांकडे चौकशी जाते, नाहीतर फाइल तिथेच बंद, मग 60 दिवसांत एनसीएलएटीकडे (राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरण) अपील. आणि दंड झालाच तर तो सरकारजमा होतो हां, तुमची भरपाई एनसीएलएटीकडे वेगळा अर्ज करून मागावी लागते.