समस्थिती

समस्थिती : बाहेरचे तापमान, हवा, आहार बदलत असतानाही शरीराची आतली स्थिती ठरावीक मर्यादेत राखणारी यंत्रणा. रक्ताचा सामू (pH, आम्ल-अल्कतेचे माप) ७.३५ ते ७.४५ आणि शरीराचे तापमान ३७° से.च्या आसपास राहते ते तिच्यामुळे. पेशींचे खरे पर्यावरण म्हणजे त्यांच्याभोवतीचा द्रव, ही कल्पना फ्रेंच शरीरक्रियावैज्ञानिक क्लोद बेर्नार यांनी एकोणिसाव्या शतकात मांडली. समस्थितीसाठी ‘होमिओस्टॅसिस’ ही संज्ञा अमेरिकन शास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९२६ मध्ये रूढ केली.

समस्थिती म्हणजे स्तब्धता नव्हे. शरीरातील एका इंद्रियसंस्थेने केलेली दुरुस्ती बहुधा दुसरीला निस्तरावी लागते. उदा., सुमारे ५,५०० मी. उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा असतो. मानेतील रोहिण्यांजवळच्या संवेदी पेशी ऑक्सिजनची उणीव हेरतात आणि श्वास वाढतो. पण जोरात श्वास घेतल्याने कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडून रक्त अल्कधर्मी होते आणि त्यामुळेच श्वासाला लगाम बसतो. हा पेच मूत्रपिंडे सोडवतात, तेही सावकाश : काही दिवस बायकार्बोनेट हा अल्कधर्मी घटक लघवीवाटे टाकून. एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरकही मुख्यतः तीच स्रवतात. त्याच्या आदेशावरून अस्थिमज्जा तांबड्या पेशी वाढवते. त्या फार वाढल्या तर रक्त दाट होऊन हृदयावर ताण येतो. ऑक्सिजन कमी झाल्याचे पेशींना कसे कळते, याच्या उलगड्यासाठी २०१९ चे वैद्यकाचे नोबेल देण्यात आले.

उष्णतेत रक्त त्वचेकडे वळते, घामाने पाणी-मीठ जाते, हृदय जलद चालते, लघवी कमी व गडद होते. म्हणून कडक उन्हाचा धोका हृदयरोग किंवा मूत्रपिंडविकार असलेल्यांना आणि वृद्धांना अधिक. मूत्रल (लघवी वाढवणारी) औषधे घेणाऱ्यांनाही. रात्रपाळीत मेंदूतील जैविक घड्याळ आणि जेवणाची वेळ यांची फारकत होऊन रक्तशर्करेचे नियमन बिघडते.

तपासणीतले आकडे ठीक असले म्हणजे शरीर निवांत आहे, असे मात्र नाही. रक्तस्राव होत असलेल्या तरुणाचा रक्तदाब बराच वेळ टिकतो. वाढलेली नाडी आणि गार पडलेले हातपाय आधी बोलतात. अशी भरपाई वर्षानुवर्षे करावी लागल्याने होणाऱ्या झिजेला ब्रूस मॅकएवन आणि एलियट स्टेलर यांनी १९९३ मध्ये ‘ॲलोस्टॅटिक लोड’ असे नाव दिले.

पिढ्यान्‌पिढ्या उंचावर राहिलेल्यांत वेगळे चित्र दिसते. अनेक तिबेटी लोकांत ‘ईपास१’ या जनुकाचा विशिष्ट प्रकार आढळतो आणि त्यांचे हिमोग्लोबिन त्या उंचीवरही फारसे चढत नाही.