फुल-फ्रेम कॅमेऱ्यासाठी लेन्सची निवड : निसर्गचित्रण व व्यक्तिचित्रण

ज्या कॅमेऱ्याच्या सेन्सरचे (प्रकाश-संवेदकाचे) माप सुमारे ३६ × २४ मिमी. असते, त्याला फुल-फ्रेम कॅमेरा म्हणतात. हे माप डिजिटल काळाच्या बरेच आधीचे आहे. जर्मनीतील वेट्झलार येथे लाइट्झ कंपनीत काम करणाऱ्या ओस्कार बार्नाक यांनी चित्रपटाची ३५ मिमी. रुंदीची फिल्म आडवी धावेल अशी योजना करून चित्रपटाच्या दोन चौकटींच्या जागेत छायाचित्राची एक चौकट बसवली, आणि त्यावर आधारलेला लायका कॅमेरा १९२५ मध्ये बाजारात आला. डिजिटल कॅमेऱ्यांत या मापाचा सेन्सर २००२ पासून मिळू लागला आणि २००५ मध्ये आलेल्या कॅननच्या ‘५डी’मुळे तो हौशी छायाचित्रकारांच्या बराच जवळ आला. अशा कॅमेऱ्यावर निसर्गचित्रणासाठी आणि व्यक्तिचित्रणासाठी कोणती लेन्स लावावी याचा विचार सामान्यतः फोकल लेंथच्या (नाभीय अंतराच्या; ते जितके कमी तितका चौकटीत येणारा भाग रुंद) आकड्यांवरून केला जातो. मात्र चित्राचा घाट ज्यावर ठरतो ती गोष्ट म्हणजे छायाचित्रकार विषयापासून किती अंतरावर उभा आहे ही होय, आणि लेन्सची निवड त्या अंतराच्या मागोमाग येते.

या दोन कामांसाठी वेगळ्या लेन्स असाव्यात ही कल्पना छायाचित्रणाइतकीच जुनी आहे. १८३९ मध्ये दागेरोटाइप ही धातूच्या पत्र्यावर छायाचित्र घेण्याची पद्धत जाहीर झाली तेव्हा त्या कॅमेऱ्यावर पॅरिसच्या शार्ल शव्हालिए यांची लेन्स होती. तिचे अ‍ॅपर्चर (छिद्रमान; ‘एफ/’ पुढचा आकडा जितका मोठा तितके छिद्र लहान) जेमतेम एफ/१५ च्या आसपास असल्यामुळे स्थिर इमारती आणि देखावे तिच्यात उतरत, पण माणसाला कित्येक मिनिटे न हलता बसावे लागे. पुढच्याच वर्षी व्हिएन्नातील गणिताचे प्राध्यापक योझेफ पेट्झव्हाल यांनी एफ/३.६ ची लेन्स गणिताने आखली आणि भिंगकार फोइग्टलेंडर यांनी ती घडवली. तिच्यातून आधीच्या लेन्सच्या पंधरापट किंवा त्याहून थोडा अधिक प्रकाश आत येई, म्हणून चेहऱ्यांचे चित्रण व्यवहारात शक्य झाले. तिच्या चित्रात मधला भाग रेखीव आणि कडा गोल फिरल्यासारख्या धूसर दिसतात. हा तिचा दोष व्यक्तिचित्रणात मात्र चेहऱ्याकडे नजर खेचणारा गुण ठरला.

फुल-फ्रेम चौकटीचा कर्ण सुमारे ४३ मिमी. असतो आणि त्याच्या जवळपासची, म्हणजे ४० ते ५० मिमी. फोकल लेंथ ‘नॉर्मल’ मानली जाते. कर्णावर मोजलेला दृश्यकोन १६ मिमी.ला सुमारे १०७ अंश, २४ मिमी.ला ८४, ५० मिमी.ला ४७, ८५ मिमी.ला २८ आणि १३५ मिमी.ला १८ अंश असतो. एपीएस-सी (फुल-फ्रेमहून लहान) सेन्सरच्या कॅमेऱ्यावरून फुल-फ्रेमकडे येणाऱ्यांची येथे हमखास एक फसगत होते. लहान सेन्सरवर ५० मिमी.ची लेन्स साधारण ७५ मिमी.सारखी वागते, म्हणून ती व्यक्तिचित्रणाला सोयीची वाटलेली असते. तीच लेन्स फुल-फ्रेमवर लावली की चौकट रुंदावते, ती पुन्हा भरण्यासाठी छायाचित्रकार दोन पावले पुढे सरकतो आणि चेहरा पूर्वीसारखा येत नाही. लहान सेन्सरसाठी बनलेली लेन्स फुल-फ्रेमवर लावल्यास बहुतेक कॅमेरे चौकट आपोआप कापतात, त्यामुळे ४५ मेगापिक्सेलच्या सेन्सरमधून सुमारे २० मेगापिक्सेलचेच चित्र हाती लागते.

चेहऱ्यात होणारा हा बदल सोप्या हिशोबाने समजतो. नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंतची खोली १२ सेंमी. धरू. उभ्या चौकटीत चेहरा व खांदे, म्हणजे सुमारे ४५ सेंमी. उंचीचा भाग, भरायचा असेल तर २४ मिमी. लेन्स घेऊन साधारण ३० सेंमी.वर जावे लागते. तेथून कान ४२ सेंमी.वर असतो, म्हणून नाक कानाच्या तुलनेत सुमारे ४० टक्के मोठे उमटते. ८५ मिमी. लेन्सने तीच चौकट एक मीटरपेक्षा किंचित अधिक अंतरावरून भरते आणि हा फरक ११ टक्क्यांवर येतो. १३५ मिमी.ने १.७ मीटरवरून तो ७ टक्के होतो. लेन्स नाक मोठे करत नाही, जवळीक करते. २४ मिमी.ची लेन्स १.७ मीटरवर धरून मधला भाग कापून घेतला तर १३५ मिमी.सारखाच चेहरा मिळेल, फक्त चित्रातला तपशील फार कमी उरेल. ८५ ते १३५ मिमी.च्या लेन्सना ‘पोर्ट्रेट लेन्स’ हे नाव पडले, कारण त्या छायाचित्रकाराला समोरच्या माणसापासून बोलता येईल पण अंगावर येणार नाही अशा अंतरावर उभे करतात. माणूस आणि त्याचे घर, दुकान किंवा शेत एकत्र दाखवायचे असेल तर ३५ मिमी. अधिक योग्य, मात्र चेहरा चौकटीच्या कडेला नेऊ नये, तेथे तो ताणला जातो.

मोठ्या अ‍ॅपर्चरचे आकर्षण व्यक्तिचित्रणात फार असते, कारण पार्श्वभूमी विरघळून जाते आणि तिच्यातल्या दिव्यांचे, पानांमधल्या उजेडाचे मऊ ठिपके बनतात. छायाचित्रकार त्याला ‘बोके’ म्हणतात. त्याची किंमत क्षेत्रखोलीच्या (पुढून मागे स्पष्ट दिसणाऱ्या भागाच्या जाडीच्या) रूपाने मोजावी लागते. पडवीत बसलेल्या आजींचा चेहरा आणि खांदे ८५ मिमी.ने एफ/१.८ वर टिपताना स्पष्ट दिसणारा भाग सुमारे दीड सेंटिमीटर जाडीचा असतो. फोकस नथीच्या मोत्यावर बसला तर मोती लखलखीत येतो आणि डोळे धूसर होतात. एफ/४ वर हीच जाडी साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास जाते आणि डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्याही चित्रात उतरतात. डोळे ओळखून फोकस धरणाऱ्या मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यांनी हे काम बरेच सोपे केले असले तरी खोली वाढवणे त्यांच्या हाती नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते पहिल्या पोर्ट्रेट लेन्ससाठी एफ/१.८ पुरेसे आहे. सोनीची ८५ मिमी. एफ/१.८ लेन्स ३७१ ग्रॅमची आहे, तर कॅननची आरएफ ८५ मिमी. एफ/१.२ लेन्स १,१९५ ग्रॅमची. तिप्पट वजन आणि त्याहून कितीतरी जास्त पैसे खर्चून मिळणारी ती सव्वा स्टॉपची (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) भर बहुतेक चित्रांत वापरलीच जात नाही.

निसर्गचित्रणात हिशोब उलटा होतो. तेथे अ‍ॅपर्चर बारीक ठेवायचे असते, कॅमेरा ट्रायपॉडवर असतो, त्यामुळे एफ/४ ची झूम लेन्स कमी दर्जाची ठरत नाही. २४ मिमी. लेन्सने एफ/११ वर सुमारे १.८ मीटरवर फोकस केल्यास साधारण ९० सेंमी.पासून क्षितिजापर्यंत सर्व काही स्पष्ट येते. त्याहून बारीक छिद्राचा मोह टाळावा. एफ/१६ वर विवर्तनामुळे (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो त्यामुळे) प्रकाशाचा प्रत्येक बिंदू सुमारे २१ मायक्रॉन व्यासाच्या चकतीत पसरतो, आणि ४५ मेगापिक्सेल सेन्सरचा एक पिक्सेल सव्वाचार मायक्रॉनच्या आसपास असतो, म्हणून चित्राचा रेखीवपणा कमी होतो. १९३२ मध्ये अमेरिकेत अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या गटाला ‘एफ/६४’ हे नाव दिले ते मोठ्या शीट फिल्मच्या कॅमेऱ्यांमुळे. त्या मापाचे नियम छोट्या चौकटीला लागू होत नाहीत.

देखाव्यासाठी वाइड (रुंद दृश्यकोनाची) लेन्स हवीच, ही समजूत अर्धीच खरी आहे. १६ किंवा २० मिमी.ची लेन्स जवळच्या वस्तूला मोठे आणि दूरच्या वस्तूला अगदी लहान करते. पुढे काही दाखवण्यासारखे असेल, एखादा ओला कातळ, पाण्याचे डबके, वळत गेलेली तटबंदी, तेव्हाच तिचे चीज होते. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर मागे सरकून कड्याचा सगळा वाकलेला माथा चौकटीत घेता येत नाही, तेथे १६ मिमी. खरोखर कामाला येते. पण कळसूबाईच्या माथ्यावरून अलंग, मदन आणि कुलंग टिपायचे असतील तर त्याच लेन्समध्ये ते तिन्ही किल्ले क्षितिजावरच्या बारीक रेघोट्या होतात. ७०–२०० मिमी.ची झूम लावली की एकामागे एक निळ्या पडत गेलेल्या सह्याद्रीच्या रांगा एकमेकींना खेटून उभ्या राहतात. अंतर तेच असते, फक्त चौकट नेमकी कापली जाते. कास पठारावर तर लांब लेन्स हा सभ्यपणाचाही भाग आहे. सीतेची आसवे किंवा गेंद यांच्या ताटव्यात वाइड लेन्स घेऊन शिरले की पायाखाली फुले जातात. वाटेवरूनच १०० ते २०० मिमी.ने टिपल्यास रंगांचे पट्टे अधिक दाट दिसतात आणि फुले जागच्या जागी राहतात.

वाइड लेन्स निवडताना पुढच्या काचेकडे पाहावे. १४ मिमी.पासून सुरू होणाऱ्या अनेक झूम लेन्सची काच फुगीर असते आणि तिला नेहमीचे गोल फिल्टर बसत नाहीत. धबधब्याचे पाणी रेशमी दाखवण्यासाठी एनडी (प्रकाश कमी करणारा) फिल्टर लागत असेल तर निकॉनच्या झेड १४–३० मिमी. एफ/४ सारखी ८२ मिमी. फिल्टर घेणारी, ४८५ ग्रॅमची लेन्स गड चढताना जास्त उपयोगी पडते. पोलरायझर (चकाकी घालवून आकाश गडद करणारा फिल्टर) फार वाइड लेन्सवर लावल्यास आकाशाचा एक पट्टा गडद आणि बाकीचे फिके येते. ताऱ्यांच्या चित्रणासाठी मात्र एफ/२.८ किंवा त्याहून मोठे अ‍ॅपर्चर हवेच. कडेचे तारे पंख फुटल्यासारखे दिसू नयेत म्हणून तेथे कोमा हा दोष कमी असलेली लेन्स शोधावी लागते.

लेन्स घेणे म्हणजे माउंटही (लेन्स कॅमेऱ्याला जोडणारी कडीही) घेणे होय. निकॉनच्या जुन्या एफ माउंटमध्ये सेन्सर आणि माउंट यांत ४६.५ मिमी. अंतर होते, झेड माउंटमध्ये ते १६ मिमी. आहे. सोनी ई माउंटमध्ये १८ आणि कॅनन आरएफमध्ये २० मिमी. आहे. अंतर कमी झाल्यामुळे उरलेल्या मोकळ्या जागेत अ‍ॅडॉप्टर (जोडकडी) बसतो, म्हणून फिल्मच्या काळातली एखादी हाताने फोकस होणारी ८५ किंवा १३५ मिमी. लेन्स आजच्या मिररलेस कॅमेऱ्यावर व्यक्तिचित्रणासाठी उत्तम चालते.

अशी जुनी लेन्स घेताना कोकणातील आणि घाटमाथ्यावरील दमट हवेत वाढणारी बुरशी हा सर्वांत मोठा धोका असतो. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडून मागच्या बाजूने मोबाइलच्या टॉर्चचा उजेड टाकावा आणि पुढून तिरके पाहावे. धुळीचे कण सुटे ठिपके दिसतात व चित्रावर त्यांचा फारसा परिणाम होत नाही, पण काचेच्या कडेपासून आत पसरणारे कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती लेन्स घेऊ नये. घरी आणल्यावर ती चामड्याच्या डब्यात न ठेवता हवाबंद डब्यात सिलिका जेलसह किंवा ४० ते ५० टक्के आर्द्रतेवर लावलेल्या ड्राय कॅबिनेटमध्ये ठेवावी. पावसाळी ट्रेकहून परतल्यावर बॅग बंद ठेवू नये, लेन्स बाहेर काढून कोरडी पुसावी आणि मगच आत ठेवावी.