हेल्मेटच्या आतला मेंदू

सप्टेंबर २०२३. मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा मोठा सामना. मेलबर्न संघाच्या अँगस ब्रेशॉने चेंडू मारला. तो अडवायला कॉलिंगवूडचा ब्रेडन मेनार्ड हवेत झेपावला आणि त्याचा खांदा ब्रेशॉच्या डोक्यावर आदळला. ब्रेशॉ जागीच बेशुद्ध पडला. आधीही डोक्याला मार बसल्यामुळे तो हेल्मेट घालूनच खेळत असे. फेब्रुवारी २०२४ मध्ये, वयाच्या २८व्या वर्षी, १६७ सामन्यांनंतर त्याला खेळ सोडावा लागला. तपासणीत मेंदूतले सूक्ष्म बदल वाढलेले दिसले होते.

मग हेल्मेटने काय केलं? फोमचं हेल्मेट खोक पडू देत नाही, पण कन्कशन, म्हणजे झटक्याने मेंदूला होणारी इजा, घडतं कवटीच्या आत. मेंदू खरवसासारखा मऊ असतो आणि भोवती द्रव असतो. डोक्याला झटक्यात गिरकी बसली की कवटी आधी फिरते, मेंदू मागे राहतो आणि आतले चेतातंतू ताणले जातात. पेशींतलं पोटॅशियम बाहेर पडतं, कॅल्शियम आत शिरतं. हा तोल सावरायला भरपूर ऊर्जा लागते, आणि नेमका त्याच वेळी मेंदूचा रक्तपुरवठा घटलेला असतो. अशा वेळी दुसरा मार बसणं फार घातक. म्हणूनच या खेळाच्या व्यावसायिक लीगमध्ये कन्कशननंतर बाराव्या दिवसाआधी खेळाडूला सामन्यात उतरता येत नाही.

त्यातून या खेळात ऑफसाइड नाही, म्हणजे प्रतिस्पर्धी मैदानात कुठेही उभा राहू शकतो. धक्का समोरून येतो, तसा पाठीमागूनही.

वारंवार मार बसत राहिला तर मेंदूत टाऊ नावाचं प्रथिन साचू लागतं. या आजाराला सीटीई (क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपॅथी) म्हणतात. त्याची खात्री आजही मृत्यूनंतर मेंदूचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच होते. २०१९ मध्ये वारलेला महान खेळाडू पॉली फार्मर, याच्या मेंदूत तो सापडला. हेदर अँडरसनची गोष्ट मला जास्त अस्वस्थ करते. महिला लीगमध्ये ती जेमतेम ८ सामने खेळली, पण अंगावर येणारे खेळ लहानपणापासून खेळत होती. २८व्या वर्षी ती गेली, आणि तिच्याही मेंदूत सीटीई आढळला. म्हणजे हिशेब फक्त व्यावसायिक कारकिर्दीचा धरून चालत नाही.

मेनार्डला शिस्त न्यायाधिकरणाने निर्दोष ठरवलं. मात्र पुढच्या हंगामाआधी लीगने नियम कडक केला: चेंडू अडवायला उडी मारून कुणाच्या डोक्यावर आदळलात, तर साधारणपणे तो निष्काळजीपणा धरला जाईल.