आजींचं कुंकू आणि बिसचा आकडा

सदाशिव पेठेतल्या आजी, वय 82, पित्ताशयाचं दुर्बिणीतून ऑपरेशन. टेबलावर घेतल्यावर म्हटलं, आजी कपाळावर पट्टी चिकटवायचीय, कुंकू पुसू का जरा? तर म्हणाल्या, "पूस, पण शुद्धीवर आले की आधी ते लाव, मग बाकीचं विचार."

त्या पट्टीत चार इलेक्ट्रोड असतात. मेंदूची वीज फारच बारीक, व्होल्टच्या काही लाखाव्या भागाएवढी, ती पकडून मशीन भूल किती खोल आहे ते सांगणारा 0 ते 100 मधला एक आकडा दाखवतं, त्याला आम्ही भूलतज्ज्ञ बिस म्हणतो. जागा माणूस नव्वदीच्या वर, ऑपरेशन चालू असताना 40 ते 60 मधे ठेवायचा. सोप्पंय ना? पण हे गणित मोठ्या माणसांच्या रेकॉर्डिंगवरून बसवलेलं आहे आणि मेंदूचं वय ते नीट धरत नाही.

तिशीतल्या माणसाला प्रोपोफॉल, म्हणजे शिरेतून द्यायचं भुलीचं औषध, दिलं की स्क्रीनवर मस्त चित्र दिसतं. सेकंदाला एखादी अशी मोठी संथ लाट आणि तिच्यावर स्वार झालेली बारीक अल्फा, सेकंदाला 8 ते 12 वेळा. ही अल्फा थॅलॅमस, म्हणजे मेंदूच्या आतला एक भाग, आणि मेंदूची वरची साल एकमेकांत अडकून एकाच तालात घुमायला लागले की येते. सहा-सात वर्षांचं टॉन्सिलवालं पोरगं असेल तर लाटा इतक्या उंच की स्केल बदलावं लागतं. आणि दोन महिन्यांचं हर्नियाचं बाळ? त्याच्यात अल्फा नसतेच, नुसत्या संथ लाटा, कारण ती वायरिंगच अजून जोडली गेलेली नाही, साधारण चार महिन्यांच्या पुढे ती दिसायला लागते. म्हणून तान्ह्या बाळाच्या बिसवर मी तरी फार भरवसा ठेवत नाही.

म्हातारपणी सगळंच बुटकं होतं. अल्फा तर जवळजवळ दिसेनाशी. आता गोची अशी की लाटा लहान झाल्या की मशीनला वाटतं पेशंटची भूल हलकी आहे, आकडा 60 च्या आसपास घुटमळतो, आणि नवखा डॉक्टर भुलीचा गॅस वाढवतो. खरं तर चाळिशीनंतर दर दहा वर्षांना गॅसची गरज साधारण 6 टक्क्यांनी कमी होते, म्हणजे जिथे कमी करायचा तिथेच वाढवला जातो. मग लाट काही सेकंद सपाट, एक झटका, परत सपाट. याला बर्स्ट सप्रेशन म्हणतात, आणि म्हातारा मेंदू तिथे फार पटकन घसरतो.

अशा पेशंटना ऑपरेशननंतर भ्रम जास्त होतो असं दिसतं, कुठे आहोत कळत नाही, सलाईन उपटतात. पण लाट बघून गॅस कमी ठेवला की भ्रम टळतो का? 2019 ला अमेरिकेत साठीच्या पुढच्या बाराशेवर पेशंटवर करून बघितलं, फरक पडला नाही. बहुतेक बर्स्ट सप्रेशन हे मेंदू आधीच थकलाय याची खूण आहे, कारण नाही. तरी मी बघतेच, खूण तर खूण.

आजींचा आकडा त्या दिवशी 58 होता. लाट बघितली, सपाटीच्या उंबरठ्यावर. गॅस कमी केला, आकडा तरी 58 च. शुद्धीवर आल्या, डोळे उघडले, हात कपाळाकडे गेला. सिस्टरनी पर्समधली डबी आधीच काढून ठेवली होती.